सोळावा की सतरावा? बॅड रिलिजनचे उत्तरकाळातले दोन अल्बम

'सफर', 'नो कंट्रोल' आणि 'अगेन्स्ट द ग्रेन' हे जुने अल्बम पाठ झाले, 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' ऐकून ऐकून झिजला, की बॅड रिलिजनच्या श्रोत्यापुढे एक पेच उभा राहतो. 1980 साली लॉस एंजेलिसच्या परिसरात शाळकरी पोरांनी सुरू केलेल्या या पंक बँडचं उतारवयातलं काम कुठून धरायचं? 2007 चा 'न्यू मॅप्स ऑफ हेल' लांबट आहे आणि 2010 चा 'द डिसेंट ऑफ मॅन' पसरट. ते बाजूला ठेवले की समोर दोनच उरतात: सोळावा 'ट्रू नॉर्थ' (2013) आणि सतरावा 'एज ऑफ अनरीझन' (2019). वेळ किंवा पैसे एकावरच घालवायचे असतील तर कोणता घ्यावा, एवढ्यापुरतंच हे लिखाण आहे.

कागदावर दोघांत फारसा फरक दिसत नाही. 'ट्रू नॉर्थ'मध्ये 16 गाणी, साधारण 35 मिनिटं. 'एज ऑफ अनरीझन'मध्ये 14 गाणी, साधारण 33 मिनिटं. गाणी लिहिणारे तेच दोघे, गायक ग्रेग ग्रॅफिन आणि गिटारिस्ट ब्रेट गुरविट्झ. बेसवर तोच जे बेंटली, गिटारवर तोच ब्रायन बेकर. रेकॉर्ड कंपनी गुरविट्झची स्वतःची, एपिटाफ. एका बाजूला 'सफर' ठेवा, 15 गाणी 26 मिनिटांत. म्हणजे दोन्ही अल्बम तरुणपणापेक्षा थोडे सैल, पण रॉक बँडांच्या मानाने अजून आटोपशीरच.

माणसांतला फरक मात्र मोठा आहे. 'ट्रू नॉर्थ' हा गिटारिस्ट ग्रेग हेटसन आणि ड्रमर ब्रुक्स वॅकरमन यांचा या बँडबरोबरचा शेवटचा पूर्ण अल्बम. (मधे ख्रिसमसच्या गाण्यांची छोटी तबकडी आली, ती इथे धरलेली नाही.) हेटसनच्या जागी माइक डिमकिच आला. वॅकरमन 2015 मध्ये अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड या बँडकडे गेला आणि ड्रम्सवर जेमी मिलर बसला. मधल्या सहा वर्षांत निर्माताही बदलला. 'ट्रू नॉर्थ'ला बँडसोबत जो बॅरेसी होता, 'न्यू मॅप्स'पासूनचा. 'एज ऑफ अनरीझन'ला कार्लोस दे ला गार्झा. पॅरामोर या बँडच्या ध्वनिमुद्रणांवर काम केलेला हा माणूस स्वतः ड्रमर आहे, आणि ते ऐकू येतं. सतराव्या अल्बमात स्नेअरचा, म्हणजे खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, टोला पुढे येतो, दोन टोल्यांच्या मधली जागा मोकळी राहते. सोळाव्यात गिटारी भिंतीसारख्या उभ्या असतात आणि ड्रम्स त्या भिंतीच्या आतून ढकलतात. माझ्या कानाला तरी असं वाटतं. हेडफोन बदलला तर हे प्रमाण थोडं इकडे तिकडे होईल.

ग्रॅफिनचा आवाज 'ट्रू नॉर्थ'च्या वेळी 48 वर्षांचा, 'एज ऑफ अनरीझन'च्या वेळी 54 चा. सतराव्यात तो घसा ताणत नाही. स्वर जरा खालचे, सूर जास्त गाण्याकडे झुकलेला. हा काही दोष नव्हे. उलट ज्यांना या बँडची तीन आवाजांतली कोरसची आऽऽ-ऊऽऽ आवडते, त्यांना सतरावा अल्बम जास्त गोड लागेल. 'लूझ युअर हेड' आणि 'एंड ऑफ हिस्ट्री' या दोन्ही गाण्यांत चाल इतकी सोपी आणि पक्की आहे की दुसऱ्या ऐकण्यात ती तोंडात बसते. 'ट्रू नॉर्थ'मध्ये अशी पहिल्याच दिवशी चिकटणारी गाणी कमी आहेत. 'डिपार्टमेंट ऑफ फॉल्स होप' आणि शेवटचं 'चेंजिंग टाइड' सोडलं तर बाकीची तीन-चार फेऱ्या मागतात.

इथपर्यंत पारडं सतराव्याकडे झुकलेलं वाटेल. ते फिरतं एका खटकणाऱ्या जागेपाशी, आणि ती जागा दोन्ही अल्बमांत जवळपास एकाच ठिकाणी येते.

बँडची ही जुनी युक्ती आहे: मधोमध एक संथ गाणं ठेवायचं आणि त्याच्या पाठीला लागून मिनिटभराचा स्फोट. 'ट्रू नॉर्थ'मध्ये सातवं 'हॅलो क्रूएल वर्ल्ड', जवळजवळ चार मिनिटांचं, अल्बमातलं सगळ्यात लांब. त्यानंतर आठवं 'व्हॅनिटी', मिनिटभरात संपणारं. 'एज ऑफ अनरीझन'मध्ये आठवं 'कँडिडेट', संथ, आणि लगेच नववं 'फेसेस ऑफ ग्रीफ', मिनिटाच्या आसपासचं आणि अल्बमातलं सगळ्यात रानटी. मांडणी तीच, साहित्य तेच. पहिल्या ठिकाणी ती जमते, दुसऱ्या ठिकाणी दर वेळी ठेच लागते.

कारण आधी काय वाजलं त्यात आहे. 'ट्रू नॉर्थ'ची पहिली सहा गाणी बहुतेक धावती आहेत. शीर्षकगीत दोन मिनिटांच्या आत आटोपतं. 'पास्ट इज डेड' सुरुवातीला पाय रोवून उभं राहतं आणि मग सुटतं. 'रॉबिन हूड इन रिव्हर्स' थोडं दमानं घेतं, पण 'लँड ऑफ एंडलेस ग्रीड' पुन्हा गती उचलतं. मग ते पाचवं गाणं, ज्याचं नाव घरात मोठ्याने वाचता येत नाही. सहावं 'धर्मा अँड द बॉम्ब', त्याच्या नावापाशी मराठी श्रोता क्षणभर थबकतो, गाणं मात्र थांबत नाही. पंकचा हा ठेका म्हणजे बेस ड्रम आणि स्नेअर आलटून पालटून, मधे श्वास नाही. तेरा-चौदा मिनिटं असा ठेका कानावर पडल्यावर कानालाच विश्रांती हवी असते. तेव्हा 'हॅलो क्रूएल वर्ल्ड' येतं आणि ते मागितल्यासारखं येतं. विलंबित म्हणावं इतकं ते संथ नाही, पण शेजारच्या गाण्यांमुळे तसं भासतं. त्याच्या शेवटी कोरस चढत जातो, आणि 'व्हॅनिटी' त्या चढावरून खाली उडी मारतं.

'एज ऑफ अनरीझन'ची सुरुवातही दमदार आहे. 'केऑस फ्रॉम विदिन' या बँडच्या उत्तम पहिल्या गाण्यांत मोडतं, आणि 'डू द पॅरानॉइड स्टाइल' चटकन चावून निघून जातं. पण पाचव्या गाण्यापासून लय मध्यावर येते. 'लूझ युअर हेड' मध्यलयीत. 'एंड ऑफ हिस्ट्री' त्याहून जरा वर, तरी धावत नाही. शीर्षकगीत वेग घेऊ पाहतं, तेवढ्यात 'कँडिडेट' येऊन पाय ओढतं. म्हणजे संथ गाणं येतं तेव्हा आधीची काही मिनिटं आपण चालतच असतो. विश्रांतीची गरज नसताना बसायला सांगितलं जातं. आणि बसलो न बसलो तोच 'फेसेस ऑफ ग्रीफ' कानाशी ओरडतं. ते मिनिट संपलं की 'ओल्ड रेझीम' आणि 'बिग ब्लॅक डॉग' पुन्हा मध्यावर. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली आहे आणि ड्रायव्हर अधूनमधून उगाच हॉर्न वाजवतो आहे, असं काहीसं.

सुटी सुटी ऐकली तर यातली बरीच गाणी चांगली आहेत, 'कँडिडेट'सुद्धा. पण 33 मिनिटांचा पंक अल्बम माणूस तोडून ऐकत नाही. तो एका बैठकीत, नाहीतर एका प्रवासात संपतो. अशा वेळी क्रम हाच अल्बमचा कणा असतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. ज्याला क्रमाचं काही वाटत नाही, जो शफल लावून, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानेच ऐकतो, त्याने हा सगळा भाग सोडून दिला तरी चालेल, आणि कदाचित तो उलट निर्णयावर पोहोचेल.

शब्दांबद्दल. ग्रॅफिनने 2003 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट घेतली. त्याच्या गाण्यांना शब्दकोश लागतो, ही तक्रार तितकीच जुनी. सतरावा अल्बम यात जास्त भारलेला आहे. नावातच अठराव्या शतकातल्या थॉमस पेनच्या 'एज ऑफ रीझन' (विवेकयुग) या पुस्तकाला उलटं केलेलं. 'डू द पॅरानॉइड स्टाइल'मागे इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅटरचा अमेरिकी राजकारणातल्या संशयी वृत्तीवरचा 1964 चा निबंध. 'एंड ऑफ हिस्ट्री' म्हटलं की इतिहासाच्या अंताचा सिद्धांत मांडणारा राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामा आलाच. हे संदर्भ ठाऊक असतील तर गंमत दुप्पट होते, नसतील तर गाणी घोषणांसारखी वाटू शकतात. 2016 नंतरची अमेरिका हा त्या अल्बमचा जवळजवळ एकमेव विषय आहे. ज्याला त्या काळाची नोंद हवी त्याच्यासाठी हा गुण. वर्षं सरतील तसा तो गुण किती टिकेल, याबद्दल मला थोडी शंका आहे.

'ट्रू नॉर्थ'चे विषय विखुरलेले आहेत, आणि ते बरंच वाटतं. शीर्षकगीत घर सोडून निघालेल्या पोराच्या तोंडी आहे. 'रॉबिन हूड इन रिव्हर्स'मध्ये 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालाची टोचणी आहे, ज्या निकालाने अमेरिकेत निवडणुकीच्या प्रचारासाठी कंपन्यांचे खिसे मोकळे केले. पाचवं गाणं शिवी देण्याच्या क्रियेवरच आहे, शिवी ज्याला दिली त्याच्यावर नाही. भाषेच्या माणसाला ते गाणं आवडावं. 'माय हेड इज फुल ऑफ घोस्ट्स' पूर्ण आतलं. एका अल्बमात राग, टिंगल आणि एकटेपणा शेजारी शेजारी बसतात, आणि कुठलाही एक विषय दुसऱ्याला गिळत नाही.

निर्णय स्वतःच्या कानाने घ्यायचा असेल तर तुलना नीट करावी, नाहीतर फसगत ठरलेली. सगळ्यात मोठी फसगत आवाजाच्या पातळीची. दोन ध्वनिमुद्रणांत जे थोडं जास्त मोठं वाजतं ते कानाला 'चांगलं' वाटतं, फरक एक-दोन डेसिबलचा असला तरी. म्हणून स्ट्रीमिंग अॅपमध्ये आवाजाची पातळी समान ठेवणारी सोय चालू करा. शफल बंद. दोन गाणी एकमेकांत विरघळवणारा क्रॉसफेड बंद, कारण 'हॅलो क्रूएल वर्ल्ड' आणि 'व्हॅनिटी' यांमधला सांधा त्यात वितळून जातो आणि मग वर लिहिलेलं काहीच ऐकू येणार नाही. इक्वलायझर सपाट ठेवा. बास आणि ट्रेबल दोन्ही उचलून मधलं दाबणारी लोकप्रिय ठेवण या संगीताला मारते. गिटारीची धार आणि शब्दांतली व्यंजनं दोन्ही साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहतात, तो पट्टा दाबला की ग्रॅफिन नुसता गुणगुणतो आहे असं वाटतं.

मग एक दिवस एक अल्बम, दुसऱ्या दिवशी दुसरा, पूर्ण आणि सलग. एकाच दिवशी पाठोपाठ ऐकले तर दुसरा नेहमी हरतो, कान थकलेले असतात. सुटी गाणी जोडीने लावायची असतील तर या तीन जोड्या पुरेत: दोन्हींची पहिली गाणी, दोन्हींची शीर्षकगीतं, आणि ती संथ-स्फोटक जोडी. ('ट्रू नॉर्थ'मध्ये पहिलं गाणं हेच शीर्षकगीत आहे, तेव्हा खरं तर अडीच जोड्या.) शब्द समोर ठेवायचे तर दुसऱ्या फेरीत, पहिल्या फेरीत नको. वाचत ऐकलं की कान ठेक्याकडे लक्ष देत नाही.

कशावर ऐकणार यानेही कौल बदलतो. हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवर सतरावा उजवा ठरतो. असे स्पीकर मोठ्या आवाजात आतल्या आत सगळं दाबतात, त्यामुळे सलग धावणाऱ्या गिटारी एकमेकींत मिसळून चिखल होतो. मध्यलयीच्या गाण्यात टोल्यांच्या मधे जागा असते, म्हणून ती तिथे तगतात. बऱ्या हेडफोनवर किंवा दोन वेगळ्या स्पीकरवर हा फायदा नाहीसा होतो आणि 'ट्रू नॉर्थ'मधल्या गिटारी डावीकडे-उजवीकडे वेगळ्या काढता येतात.

रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी थोडं जास्त, कारण आपल्याकडे ही तबकडी बहुधा बाहेरून मागवावी लागते आणि परत करणं सोपं नसतं. दोन्ही अल्बम एकेका तबकडीत आरामात बसतात. 'ट्रू नॉर्थ'ची एक बाजू सरासरी साडेसतरा मिनिटांची, 'एज ऑफ अनरीझन'ची साडेसोळा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एवढं सोयीचं आहे, बाजू पंचवीस मिनिटांच्या पुढे गेली की आवाज बारीक करावा लागतो. अडचण आतल्या वर्तुळांत येते. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम 20 च्या आसपास. तेवढ्याच कमी लांबीत तितकीच माहिती दाटीने बसते, आणि 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात. शब्दांनी ठासलेल्या या बँडला ते चटकन जाणवतं. सुई साधी शंकूच्या टोकाची असेल तर जास्त, लंबवर्तुळी टोकाची असेल तर कमी. कार्ट्रिजचा, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचा, कोन चुकलेला असेल तर कोणतीही सुई वाचवत नाही. आधी कागदी प्रोट्रॅक्टरने तो कोन तपासा, दोष तबकडीला द्या तो नंतर.

आणि घेण्याआधी मागच्या कव्हरवर बाजू कुठे तुटते ते पाहा. संथ गाणं एका बाजूच्या शेवटी आणि स्फोट दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला असेल तर मधे उठून तबकडी उलटावी लागते आणि ती सगळी युक्ती फुकट जाते. हे तपासणं 'ट्रू नॉर्थ'साठी महत्त्वाचं. दुसऱ्यासाठी तसा तोडच झालेला बरा, असं खवचटपणे म्हणता येईल.

सतरावा आधीच घरात असेल, किंवा तोच आवडत असेल, तर त्याच्यावर एक उपाय आहे. गाण्यांची यादी स्वतः बनवा. पहिली चार जशीच्या तशी. पाचवं 'लूझ युअर हेड', आणि त्यापाठी लगेच 'फेसेस ऑफ ग्रीफ'. मग 'एंड ऑफ हिस्ट्री', शीर्षकगीत, 'ओल्ड रेझीम', 'बिग ब्लॅक डॉग', 'डाउनफॉल', 'सिन्स नाऊ'. इथे 'कँडिडेट', आणि शेवटी 'व्हॉट टुमॉरो ब्रिंग्ज'. संथ गाणं शेवटाकडे गेलं की ते थकव्याच्या वेळी येतं आणि मानवतं. 'फेसेस ऑफ ग्रीफ'ला मध्यलयीच्या दोन गाण्यांच्या मधे ठेवलं की ते दचकवण्याऐवजी जागं करतं. अल्बमच्या आधी 2018 मध्ये आलेली 'द किड्स आर ऑल्ट-राइट' आणि 'द प्रोफेन राइट्स ऑफ मॅन' ही दोन सुटी गाणी नेहमीच्या 14 गाण्यांत नाहीत. ती जोडायचा मोह होतो. पहिलं जोडू नका, ते विनोदी आहे आणि आजूबाजूच्या गाण्यांचा सूर बिघडवतं. दुसरं 'ओल्ड रेझीम'च्या आधी बसतं.

गिटार वाजवणाऱ्यांनी कोणता घ्यावा, असा प्रश्न असेल तर थोडा वेगळा कौल. हाताला सवय लावायची असेल तर सतराव्यापासून सुरुवात करणं सोपं. मध्यलयीत डाऊनस्ट्रोक सलग टिकवता येतात, मनगट आखडत नाही. 'ट्रू नॉर्थ'मधली वेगवान गाणी थेट मूळ गतीला धरली की बहुतेकांचा हात कोपरातून हलू लागतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत बाहू भरून येतो. गती सत्तर टक्क्यांवर आणा, प्लेक्ट्रमचं टोक तारेच्या खाली अगदी थोडंच जाऊ द्या, आणि दर दोन दिवसांनी पाच टक्के वाढवा. सोळाव्या अल्बमात तीन गिटारी आहेत, हेटसन, बेकर आणि गुरविट्झ यांच्या, त्यामुळे एकट्याने वाजवताना कोणती ओळ धरायची ते आधी ठरवावं लागतं. पॉवर कॉर्डची धरा. वरच्या सप्तकातली दोन तारांची ओळ मोहक असते, पण ती एकटी वाजली तर पोकळ वाटते.

एवढं सगळं मांडून झाल्यावर, एकच घ्यायचा तर 'ट्रू नॉर्थ'ची तबकडी घ्यावी, आणि दुसरा वर दिलेल्या क्रमाने फोनवर ठेवावा. ज्यांना या बँडची चाल आवडते पण वेग सोसत नाही, त्यांनी हे उलटं करावं. 'ट्रू नॉर्थ' पहिल्या फेरीत सपाट वाटला तर सातव्या गाण्यापर्यंत थांबा, आवाज कमी करू नका, आणि आठवं सुरू होताना फोनला हात लावू नका.